ओकच्या खोडावरची बिनपंखी: एका ओळखीचं प्रकरण

फोटो जानेवारीतल्या एका रविवारी आला. इकडे सांगलीत चारच्या चहाचं आधण ठेवलं होतं, तिकडे नॉटिंगहॅमला सकाळचे साडेदहा. भाचीने लिहिलं होतं, "मावशी, ही मुंगी आहे का गं? चार डिग्री आहे, आमची बोटं गारठलीत, आणि ही एकटीच झाडावर चढतेय."

भाची फार्मसिस्ट आहे. घराजवळ ओकचं एक लहानसं रान आहे, तिथे ती दर रविवारी तीन वर्षांच्या लेकाला घेऊन फिरायला जाते. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरातल्या कुणालाही किडा दिसला की पहिला फोटो मला येतो. बहुतेक वेळा उत्तर दोन ओळींत संपतं. हे मात्र जुलैपर्यंत चाललं, आणि त्यात मी एकदा चुकलेही. हिवाळ्यात युरोपच्या रानांत असा बिनपंखी जीव पुष्कळांना दिसतो आणि बहुतेक जण मुंगी समजून पुढे जातात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिला फोटो अंधूक होता. खोडाच्या करड्या, भेगाळलेल्या सालीवर काकवीच्या रंगाचा एक ठिपका. सहा पाय, बारीक कंबर, पंख नाहीत. मुंगी नाही हे मला लगेच पटलं, कारण इंग्लंडमधल्या मुंग्या जानेवारीत वारुळात खोल दडून बसलेल्या असतात. चार डिग्रीत एकटी मुंगी खोडावर चढत नाही. मग मी घाईने लिहिलं, "जेलिस असावी, पंख नसलेली इक्नूमन, म्हणजे एक परजीवी गांधीलमाशी. दुसऱ्या किड्यांच्या अंगात किंवा कोशात अंडी घालते." अंदाज अगदीच वेडावाकडा नव्हता. जेलिस या गटातल्या कितीतरी माद्यांना पंख नसतात आणि त्या इतक्या मुंगीसारख्या दिसतात की जाणकारही फसतात. पण मी नुसती बाह्यरेषा पाहून नाव दिलं होतं. वर्गात एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला परत भिंगाकडे पाठवलं असतं.

चहा झाल्यावर फोटो मोठा करून पाहिला आणि पोटापाशी अडले. जेलिसच्या कमरेला लांबट देठ असतो, त्यापुढे पोट गोलसर फुगतं आणि टोकाशी अंडी घालायची सुई बाहेर डोकावते. इथे सुई दिसत नव्हती. पोटाचा आकारही वेगळा वाटत होता, पण फोटो वरून काढलेला असल्यामुळे खात्री होईना. भाचीला लगेच कळवलं, "आधीचं नाव खोडून टाक. मला तीन फोटो हवेत. एक बाजूने, पोट दिसेल असा. एक डोक्याचा, मिशा दिसतील असा. आणि एक शेजारी नाणं ठेवून."

थंडीमुळे ती बया हळू चालत होती, हे आमचं नशीब. भाचीने मोबाइलवर चिकटवायचं छोटं भिंग लावलं, सालीवर 5 पेन्सचं नाणं टेकवलं आणि अर्ध्या तासात फोटो पाठवले.

बाजूने पाहिल्यावर

त्या दुसऱ्या फोटोने निम्मं काम केलं. पोट दोन्ही बाजूंनी दाबलेलं होतं, अख्ख्या मसुराचा दाणा उभा धरावा तसं. वरून पाहिलं तर अरुंद, बाजूने पाहिलं तर चांगलं उंच आणि गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चकचकीत. पोटाचा पुढचा एकच पट्टा एवढा मोठा की बाकीचे त्याच्या आड गेलेले. छाती लहान आणि पाठीला पोक. मिशा दोऱ्यासारख्या सरळ, कुठेही कोपर नाही.

मुंगीची मिशी कोपरातून वाकलेली असते. डोक्याजवळचा एक लांब तुकडा, मग काटकोनात वळून उरलेली मिशी. शिवाय मुंगीच्या कमरेवर एक किंवा दोन गाठी असतात. इथे कोपरही नव्हतं आणि गाठही नव्हती, म्हणजे मुंगी गेली. जेलिसच्या मिशा याहून लांब आणि पुष्कळ जास्त मण्यांच्या असतात, आणि पोटाचं वर सांगितलंच, म्हणजे तीही गेली.

आणखी दोन नावं मनात येऊन गेली. हिवाळी पतंगाची मादी ऐन थंडीत अशीच झाडावर चढते. तिच्या पंखांचे नुसते ठोंब उरलेले असतात, पण ती जाडजूड आणि खवल्यांनी झाकलेली असते, बारीक कंबरेचा प्रश्नच नाही. दुसरा बोरियस, बर्फावर आणि शेवाळावर दिसणारा. त्याचं तोंड चोचीसारखं खाली ओढलेलं असतं आणि तो उड्या मारतो. आमची बाई एका संथ चालीने वर जात होती.

नाणं 18 मिलिमीटरचं, आणि ती त्याच्या पाव भागाहून थोडी जास्त. म्हणजे साधारण पाच मिलिमीटर.

पंखांचा मुद्दा मला वेगळा तपासायचा होता. पंख मुळातच नाहीत, की होते आणि गळाले? मुंग्यांच्या राणीचे पंख मीलनानंतर गळून पडतात, पण तिची छाती भक्कम राहते, कारण उडायचे स्नायू तिथेच बसवलेले असतात. पंखांच्या जागी तुटल्याच्या खुणाही राहतात. इथे खुणा नव्हत्या आणि छाती पोटाच्या मानाने अगदी किरकोळ होती. हा जीव कधीच उडाला नव्हता.

आता घराणं सांगता येत होतं: गॉल वास्प. आपल्या भाषेत सांगायचं तर झाडावर गाठी आणणारी इवली गांधीलमाशी. ती डंख करत नाही. झाडाच्या कोवळ्या भागात अंडं घालते, आणि तिच्या अळीभोवती झाड स्वतःच्याच पेशींची एक गाठ वाढवतं. अळीला त्यातच घर मिळतं आणि खाणंही मिळतं. प्रत्येक जातीची गाठ वेगळी असते, आणि बऱ्याचदा माशीपेक्षा गाठीवरूनच जात चटकन ओळखता येते.

मायफळाने घातलेली भूल

हे कळवल्यावर पुढच्या रविवारी भाचीने उत्साहाने आणखी एक फोटो पाठवला. त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर तपकिरी, टणक, गोटीएवढ्या तीन गाठी, प्रत्येकीला एक गोल भोक. "मावशी, ही यातूनच आली ना? आणि हे बघ, हे तर आपलं मायफळ आहे! आईने बाळगुटीच्या डबीत पाठवलं होतं ते."

मला फार आनंद झाला, कारण तिची नजर बरोबर होती. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड यांच्यासोबत ज्याचे दोन वेढे उगाळून तान्ह्या बाळाला चाटवतात, ते मायफळ म्हणजे फळ नव्हेच. इराण, इराक, तुर्कस्तानच्या बाजूला होणाऱ्या एका ओकवरची ती गाठ आहे, आणि ती आणणारीही गॉल वास्पच. आपल्या सह्याद्रीत ओक नाही, तरी आपल्यातल्या कित्येकांच्या जिभेला त्याच्या गाठीची तुरट चव पहिल्या वर्षातच लागलेली असते. ती चव टॅनिनची. काष्ठौषधीच्या दुकानात मायफळं चाळून पाहा, काहींना असंच एक नीट गोल भोक असतं. ज्यांना भोक नाही ती वजनदार लागतात आणि जास्त तुरट असतात, कारण आतली माशी बाहेर पडण्याआधीच ती तोडलेली असतात.

भाचीला सापडलेली गाठ या मायफळाच्या सख्ख्या नात्यातली, मार्बल गॉल. तिची माशी अँड्रिकस कोलारी. ही इंग्लंडची मूळची नव्हे. शाई आणि रंगासाठी टॅनिन मिळावं म्हणून एकोणिसाव्या शतकात तिच्या गाठी तिकडे आणल्या गेल्या आणि ती तिथलीच झाली.

पण आमची बिनपंखी या गाठीतून आलेली नव्हती. मार्बल गॉलची माशी शरदातच बाहेर पडते आणि तिला चांगले मोठे पंख असतात. जानेवारीत फांदीवर उरलेली ती रिकामी घरं होती. हिवाळ्यात पानं झडल्यामुळे या गाठी ठळक दिसतात आणि त्याच झाडावर फिरणारा जीव त्यांच्याशी जोडला जातो. नवख्या माणसाची सगळ्यात सहज होणारी चूक हीच.

म्हणून मी तिला एक वेगळाच प्रश्न विचारला. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा कुठे होती आणि कुठे चालली होती? भाची म्हणाली, "बुंध्याशी. पाचोळ्यातून वर येत होती. नंतर आणखी दोन दिसल्या, त्याही खालूनच वर."

खालून वर येत होत्या, म्हणजे जमिनीतून आल्या होत्या.

दोन नावांचा एक जीव

ब्रिटनच्या ओकवर हिवाळ्याच्या सुमारास बिनपंखी माद्या फिरतात त्या मुख्यतः दोन जातींच्या. एक ट्रायगोनास्पिस मेगॅप्टेरा. तिची गाठ पानाच्या खालच्या बाजूला शिरेवर, मूत्रपिंडाच्या आकाराची, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. त्या गाठीत एकच अळी मावते. दोन-तीन मिलिमीटरच्या खोलीतून पाच मिलिमीटरची बाई बाहेर येणार नाही. हा युक्तिवाद मला मोजमापांच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

दुसरी बायोरायझा पॅलिडा. तिची ही पिढी ओकच्या बारीक मुळांवरच्या गाठींत, जमिनीखाली वाढते. डिसेंबर ते फेब्रुवारीत माती आणि पाचोळा उकरून वर येते, खोडावर चढते, फांदीच्या टोकाला जाते आणि मिटलेल्या डोळ्यांत अंडी घालते. (पानाच्या मिटलेल्या कळीला आमच्याकडचे द्राक्ष बागायतदार डोळा म्हणतात. मला दुसरा शब्द सुचत नाही.) या पिढीत नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि मीलनाशिवायच अंडी घालणाऱ्या. आकार, रंग, महिना, झाड आणि चालण्याची दिशा, सगळं जुळत होतं.

इथे थोडं थांबून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. या एकाच जिवाला पूर्वी दोन नावं होती. हिवाळ्यात मुळांच्या गाठींतून निघणारी बिनपंखी ती बायोरायझा ॲप्टेरा, म्हणजे पंखहीन. उन्हाळ्यात फांदीवरच्या मऊ, सफरचंदासारख्या गाठीतून निघणारी ती टेरास टर्मिनॅलिस. दिसायला वेगळ्या, गाठी वेगळ्या, ऋतू वेगळा. दोन वेगळ्या जाती मानण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जर्मनीतल्या श्लेसविगमधल्या हेर्मान आडलर नावाच्या डॉक्टरने कुंडीतल्या ओकच्या रोपांवर एका पिढीच्या माद्या सोडल्या, त्यांनी कुठे अंडी घातली ते पाहिलं आणि त्यांतून काय उगवतं याची वाट बघितली. 1881 साली त्याने ओकवरच्या अशा कितीतरी जोड्या जुळवून दाखवल्या. आई आणि लेक एकमेकींसारख्या दिसत नाहीत, नात मात्र आजीवर जाते. एका गावच्या डॉक्टरने रोज रोपांपुढे बसून हे शोधलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्याच्याजवळ मुख्यतः वाट बघायची तयारी होती.

आमच्याकडेही पडताळा घ्यायचा तोच मार्ग होता. नाव जुळलं होतं, पण फोटोवरून जुळलेलं नाव मी पक्कं मानत नाही.

लाल धागे

रान तिथल्या पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचं. भाचीने आधी त्यांना विचारून घेतलं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तिला डोक्याच्या उंचीच्या एका डहाळीवर टोकाच्या डोळ्यावर बसलेली एक बाई सापडली. पोट डोळ्याला टेकवलेलं, पाय घट्ट रोवलेले, मिशा स्थिर. दोन तासांनी परत येऊन पाहिलं तरी तिथेच. एका डोळ्यात ती शेकडो अंडी घालते. सुई पोटात गुंडाळून ठेवलेली असते, म्हणूनच ती आधी बाहेर दिसली नव्हती. ती डोळ्याच्या बुडाशी पुन्हा पुन्हा खुपसते. कामाला वेळ लागतो आणि ती हलत नाही. पंखांचा तिला इथे काय उपयोग, असं मला ते चित्र बघताना वाटलं. नर शोधायचा नाही, लांब जायचं नाही, मातीतून वर येताना पंख अडचणच झाले असते. जे काही अंगात आहे ते अंड्यांत घालायचं.

भाचीने त्या डहाळीला लाल लोकरीचा धागा बांधला. आणखी दोन ठिकाणी, जिथे माद्या बसलेल्या दिसल्या, तिथेही बांधला. नातवाने चौथा धागा एका रिकाम्या डहाळीला बांधायचा हट्ट केला, आणि तो बांधू दिला हे बरंच झालं. आम्हाला तुलनेसाठी एक अस्पर्श डोळा मिळाला.

फेब्रुवारी, मार्च काही नाही. एप्रिलच्या अखेरीस डोळे फुटू लागले. नातवाच्या डहाळीवर नेहमीची पानं आली. धागा बांधलेल्या तिघींपैकी एक डोळा वाळून गेला, तो बहुधा कुणा पक्ष्याने टोचला असावा. उरलेल्या दोन ठिकाणी पानांऐवजी फिकट, गुलाबी छटेचा एक मऊ गोळा फुगू लागला. मेच्या मध्याला तो लहान लिंबाएवढा होता. दाबला तर स्पंजासारखा. हे ओक ॲपल. इंग्लंडमध्ये 29 मे हा ओक ॲपल डे म्हणून पाळत. 1651 मध्ये लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या एका ओकमध्ये लपून वाचला होता आणि 1660 मध्ये 29 मे रोजी लंडनला परतला. लोक त्या दिवशी ओकची डहाळी अंगावर लावत, आणि नेमक्या त्याच दिवसांत या गाठी झाडावर भरलेल्या असतात.

खरं म्हणजे ओळख इथेच पक्की झाली होती. पण भाचीला पुढचं पाहायचं होतं. तिने दोन्ही गाठींवर मलमलच्या सैल पिशव्या बांधल्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री अकराला तिचा फोन आला. आवाजात काळजी. "मावशी, आपलं चुकलं बहुतेक. पहिल्या पिशवीत पन्नासेक माशा आहेत आणि सगळ्यांना पंख आहेत. चांगले मोठे. आणि तीन हिरव्या चकचकीत आहेत, त्यांच्या शेपटीला सुई."

हिरव्यांचं सोपं होतं. ओक ॲपलमध्ये मालकीणबाईच्या पिल्लांखेरीज कितीतरी भाडेकरू आणि चोर राहतात. हिरव्या सोनेरी झळाळीच्या, लांब सुईच्या त्या परजीवी, बाहेरून सुई खुपसून आतल्या अळीवर अंडं घालणाऱ्या. गाठ पिंजऱ्यात ठेवून जे निघेल त्याला गाठीचा कर्ता समजणं, ही या कामातली दुसरी मोठी चूक.

पंख असलेल्यांचं उत्तरही होतं. हिवाळ्यातली प्रत्येक मादी बहुधा एकाच प्रकारची अपत्यं देते, एक तर सगळे नर, नाही तर सगळ्या माद्या. म्हणून बहुतेक ओक ॲपलमधून एकाच लिंगाच्या माशा निघतात. उन्हाळी पिढीतल्या नरांना पूर्ण पंख असतात. मी म्हटलं, "ही नरांची गाठ आहे. दुसरी पिशवी उघडू नकोस, थांब."

चार दिवसांनी दुसऱ्या पिशवीतून माशा निघाल्या. पिवळट तपकिरी, काहींना पंखच नाहीत, काहींना छातीवर नुसते ठोंब. सगळ्या माद्या. एका झाडावरच्या दोन गाठी, चार दिवसांच्या अंतराने, आणि दोन्ही मिळून एक पिढी पूर्ण. इतक्या वर्षांत पुस्तकातून शिकवलेली ही गोष्ट मी पहिल्यांदाच घडताना पाहिली, तीही व्हिडिओ कॉलवर.

एक खबरदारी. हाच फोटो अमेरिकेतून आला असता तर हे उत्तर चाललं नसतं. तिथे व्हाइट ओकवर शरदाच्या अखेरीस ॲक्रास्पिस गटातल्या आखूड पंखांच्या माद्या फिरतात, त्यांच्या गाठी केसाळ किंवा काटेरी असतात. हिवाळ्यात दिसणारं फिलोनिक्स हा आणखी एक गट. त्या सगळ्यांवर अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ अल्फ्रेड किन्सीने आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली, 1930 मध्ये मोठा ग्रंथ काढला, आणि त्याने जमवलेल्या लाखो माशा न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. न्यू जर्सीतल्या किंवा बॉस्टनमधल्या कुणी मराठी घराने बर्फावर अशी बिनपंखी पाहिली, तर आधी झाड कोणतं आणि महिना कोणता ते लिहून ठेवा, आणि बाजूने एक फोटो घ्या.

दोन्ही पिशव्या त्याच झाडाखाली एकत्र उघडल्या. नरांची झुंबड उडाली, माद्या खोडावरून खाली उतरू लागल्या. भाची आणि नातू पाऊण तास बुंध्याशी बसून होते. एक-एक करत त्या पाचोळ्यात शिरल्या, तिथून पुढे मातीत, बारीक मुळांकडे. मुळांवरच्या गाठी पिकायला जवळजवळ सोळा महिने लागतात, म्हणजे त्यांच्या लेकी येत्या हिवाळ्यात दिसणार नाहीत, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वर येतील. नातू तेव्हा पाच वर्षांचा असेल. भाचीने फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या जानेवारीचा पहिला रविवार धरून ठेवला आहे, आणि लाल धागा झाडावर तसाच आहे.